टाच आधी की चवडा?

वॉल्ट्झमध्ये पुढे टाकलेले पाऊल आधी टाचेवर पडते. रुंबात किंवा चा-चा-चामध्ये तेच पाऊल आधी चवड्यावर पडायला हवे. पाय तोच, माणूस तोच, फरशी तीच. पण एका नाचातला नियम दुसऱ्या नाचात चूक ठरतो. बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’मध्ये एखादी नटी, वृत्तनिवेदक किंवा निवृत्त क्रिकेटपटू शनिवारी रात्री नाचायला उतरतो, तेव्हा त्याला नाच कितपत आला हे अशा साध्या गोष्टींवरून कळते. आणि नेमक्या याच गोष्टी घरी बसलेल्या प्रेक्षकाला सर्वांत कमी दिसतात. कॅमेरा चेहऱ्यावर जातो, मग छताकडून खाली पाहतो, मग टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांवर फिरतो. घोळदार झगा घोट्यापर्यंत येतो. आणि उजेड, धूर, चकाकणारे कपडे यांत पाय हरवून जातात. नाच संपल्यावर चार परीक्षक बोलतात. त्यांच्याकडून गुणांची अपेक्षा असतेच, पण गुणांपेक्षा मोठी जबाबदारी त्यांच्यावर असते असे मला वाटते. कॅमेऱ्याने जे टिपले नाही ते शब्दांतून दाखवणे, हे त्यांचे पहिले काम आहे. ते झाले नाही तर पुढची बेरीज, मतदान, बाद फेरी हे सगळे अर्ध्या माहितीवर उभे राहते.

हा कार्यक्रम १५ मे २००४ रोजी सुरू झाला. त्याआधी बीबीसीवर ‘कम डान्सिंग’ नावाचा बॉलरूम स्पर्धांचा कार्यक्रम विसाव्या शतकाच्या मध्यापासून १९९८ पर्यंत अधूनमधून चालत असे. बाझ लुरमन यांच्या १९९२ च्या ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’ या चित्रपटाच्या नावातला एक शब्द त्याला जोडून नवे नाव तयार झाले. एक नामवंत, त्याच्या जोडीला एक व्यावसायिक नर्तक, दर आठवड्याला नवा नाच आणि दर आठवड्याला एक जोडी बाहेर, असा हा साचा पुढे ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ या नावाने साठाहून अधिक देशांत गेला. आपल्याकडे सोनीवर २००६ मध्ये आलेले ‘झलक दिखला जा’ त्याचेच भारतीय रूप. मूळ कार्यक्रमाचे पहिले चार परीक्षक कोण होते हे लक्षात घेण्यासारखे आहे. लेन गुडमन हे बॉलरूमचे शिक्षक आणि स्पर्धांचे परीक्षक. आर्लीन फिलिप्स, ब्रूनो टोनिओली आणि क्रेग रेव्हल हॉरवुड हे तिघे मात्र रंगभूमी, पॉप संगीत आणि टीव्हीच्या नृत्यदिग्दर्शनातून आलेले. म्हणजे बॉलरूम ज्याच्या हाडीमाशी मुरले आहे असा चौघांत एकच. बाकीच्या तिघांना नाच कळत नव्हता असे मुळीच नाही. पण त्यांची नजर रंगमंचाची होती आणि रंगमंचावरची नजर आधी परिणाम पाहते. आता चित्र बदलले आहे. शर्ली बॅलस, मोत्सी माबुसे आणि अँटन डु बेक हे तिघेही बॉलरूम आणि लॅटिन स्पर्धांच्या जगातून आले आहेत. त्यामुळे अलीकडे परीक्षणात पायांचा उल्लेख वाढला, ही मला या कार्यक्रमातली सर्वांत चांगली सुधारणा वाटते.

पायांकडे पाहण्याचा एवढा आग्रह कशासाठी? कारण या कार्यक्रमात नाच बसवणारा व्यावसायिक नर्तक एकाच वेळी शिक्षक, जोडीदार आणि वकील असतो. आपल्या अशिलाला जे जमत नाही ते लोकांच्या नजरेला पडू नये, अशा तऱ्हेनेच तो नाच बसवतो आणि त्यात गैर काहीच नाही. पण समीक्षकाला ही झाकपाक ओळखता आली पाहिजे. साधा हिशेब मांडून पाहू. वॉल्ट्झची गती मिनिटाला साधारण तीस आवर्तने, प्रत्येक आवर्तनात तीन मात्रा. दीड मिनिटाच्या नाचात पंचेचाळीस आवर्तने होतात. आता त्यांतली पहिली सहा आवर्तने नामवंत बाकावर बसून दूर पाहण्यात जातात. पुढच्या काही आवर्तनांत तो जागच्या जागी उभा राहतो आणि जोडीदारीण त्याच्याभोवती गिरक्या घेते. मध्ये हात सोडून शेजारीशेजारी चालणे होते, शेवटी एक देखणी पोझ. उरलेल्या वीस-बावीस आवर्तनांतच काय तो दोघांनी बंद पकडीत फरशीवर प्रवास केलेला असतो. नाच म्हणून तपासायचा भाग एवढाच. बाकी सगळे सजावट. दोन नामवंतांना सारखेच आठ गुण मिळाले, पण एक चाळीस आवर्तने पकडीत नाचला आणि दुसरा अठरा, तर त्या दोघांची कामगिरी सारखी कशी म्हणायची? हा फरक परीक्षकाने सांगितला नाही तर प्रेक्षकाला तो कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

पकडीत नाचणे म्हणजे नेमके काय, हे एकदा जवळून पाहिले की बाकीचे आपोआप कळते. वॉल्ट्झच्या पहिल्या मात्रेला पाऊल टाचेवरून पुढे सरकते, गुडघा मऊ असतो, शरीर खाली असते. त्या मात्रेच्या शेवटी शरीर वर उचलले जाऊ लागते, दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेत ते चवड्यांवर चढत जाते आणि तिसऱ्या मात्रेच्या अखेरीस पुन्हा खाली येते. हा चढउतार पायांतून आणि घोट्यांतून यायला हवा. नवशिका तो खांद्यांतून आणतो. खांदे वर गेले की मान आखूड दिसते, कोपर पडते, जोडीदाराशी असलेला उजव्या बाजूचा संपर्क सुटतो आणि दोघांमध्ये फट दिसू लागते. म्हणजे प्रेक्षकाला जी चूक हातांत दिसते तिचे मूळ घोट्यात असते. ‘हात सैल होते’ एवढेच परीक्षक म्हणाला तर त्याने लक्षण सांगितले, कारण सांगितले नाही. टँगोत हा चढउतार अजिबात नसतो. गुडघे सतत वाकलेले, शरीर एकाच पातळीवर. आदल्या आठवड्यात वॉल्ट्झ शिकलेला माणूस पुढच्या आठवड्यात टँगोत नकळत वर उचलला जातो, आणि ही चूक आळसातून नव्हे तर मेहनतीतून आलेली असते. लॅटिन नाचांत आणखी एक गैरसमज दिसतो तो कमरेचा. रुंबातली कंबर वेगळी हलवायची नसते. गुडघा सरळ करून शरीराचे सगळे वजन त्या पायावर आणले की कंबर आपसूक बाजूला बसते. वजन दोन्ही पायांत वाटलेले ठेवून जो नुसतीच कंबर झुलवतो, त्याचा रुंबा पाहताना काहीतरी खटकते, पण काय ते नीट सांगता येत नाही. शिवाय रुंबाचे पाऊल दुसऱ्या मात्रेला सुरू होते. समेवर टाळी देण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला हे आधी चुकल्यासारखेच वाटते; पहिल्या मात्रेवर धावून पाऊल टाकणारा नामवंत त्याच सवयीचा बळी असतो.

वजन कोणत्या पायावर आहे याचे भान ज्याला आधीपासून आहे तो या कार्यक्रमात पुढे जातो, याचा चांगला दाखला क्रिकेटने दिला आहे. २००५ मध्ये इंग्लंडचा वेगवान गोलंदाज डॅरन गॉफ लिलिया कोपिलोव्हाच्या जोडीने जिंकला आणि लगेच २००६ मध्ये मार्क रामप्रकाश कॅरन हार्डीच्या जोडीने. दोघेही नाचाच्या क्षेत्रातले नव्हते. रामप्रकाश बावन्न कसोटी खेळला, कौंटी क्रिकेटमध्ये धावांचे डोंगर रचले, पण कसोटीत त्याच्या गुणवत्तेला साजेसे यश आले नाही, हे क्रिकेटप्रेमींना ठाऊक आहे. त्याच्या सालसात दिसली ती फलंदाजाची तयारी: डोके स्थिर, वजन कोणत्या पायावर आहे याची पक्की जाण आणि पाय हलवण्याआधी निर्णय घेण्याची सवय. ‘तो जन्मजात नर्तक आहे’ असे म्हणून टाळी मिळते. त्यापेक्षा ‘त्याचे वजन पुढच्या पायावर वेळेत पोचते’ हे वाक्य कितीतरी अधिक सांगते आणि ते ऐकून पुढच्या आठवड्यात प्रेक्षक स्वतः ते पाहू शकतो.

आता गुणांकडे वळू. चार परीक्षक, प्रत्येकाचे दहा, एकूण चाळीस. हा आकडा अचूक दिसतो, पण तो दोन ठिकाणी आपले तोंड बंद ठेवतो. पहिले म्हणजे, ठेका चुकला म्हणून मिळालेले सात आणि ठेका बिनचूक असूनही नाच निर्जीव झाला म्हणून मिळालेले सात यांत तो भेद करत नाही. दुसरे म्हणजे, हा आकडा जसाच्या तसा वापरलाही जात नाही. बीबीसीच्या पद्धतीत परीक्षकांच्या गुणांवरून जोड्यांचा क्रम लावतात आणि क्रमाला गुण देतात. प्रेक्षकांच्या मतांचाही तसाच क्रम लावून दोन्हींची बेरीज करतात. समजा, चार जोड्यांना ३९, ३८, ३७ आणि २० गुण मिळाले. त्यांचे क्रमगुण होतात ४, ३, २, १. पहिल्या दोघांतला एका गुणाचा फरक आणि शेवटच्या दोघांतला सतरा गुणांचा फरक, दोन्हींची किंमत एकच. २००८ च्या उपांत्य फेरीत या पद्धतीची पुरती कोंडी झाली. तीन जोड्या उरल्या होत्या. रेचल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन यांचे परीक्षकांकडचे गुण समान आले, म्हणून दोघींना तीन-तीन क्रमगुण. टॉम चेंबर्सला एक. प्रेक्षकांनी टॉमला सर्वाधिक मते देऊन तीन क्रमगुण मिळवून दिले असते तरी त्याची बेरीज चारच झाली असती. दोघींपैकी एकीची बेरीज पाच होणार हे नक्की, म्हणजे शेवटच्या दोघांत, अर्थात बाद फेरीत, टॉम असणारच. लोक मत देत होते आणि त्या मताने त्याची सुटका होणेच शक्य नव्हते. अखेर तिन्ही जोड्यांना अंतिम फेरीत घेतले, मते पुढे धरली आणि जिंकला तो टॉम चेंबर्स.

बॉलरूमच्या बहुतेक खऱ्या स्पर्धांत दहापैकी गुणांची बेरीज करून विजेता ठरवायची रीत रुळली नाही, यामागे मोठा विचार आहे. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल इथला नृत्यमहोत्सव १९२० पासून भरतो. तिथे आणि बहुतेक स्पर्धांत परीक्षक अंतिम फेरीतल्या जोड्यांना फक्त क्रमांक देतात आणि निकाल बहुमताने लावतात. पाच परीक्षकांपैकी तिघांनी एखाद्या जोडीला पहिले ठेवले आणि दोघांनी सहावे, तरी ती जोडी पहिली येते. बेरीज केली असती तर सगळ्यांनी दुसरी ठेवलेली जोडी पुढे गेली असती. एखाद्या परीक्षकाच्या रागालोभाला इथे फारशी जागा उरत नाही. टीव्हीवर ही पद्धत जशीच्या तशी आणा असे मी म्हणणार नाही, कारण तिथे जोड्या एकामागून एक नाचतात आणि लोकांना पाट्यांवरचे आकडे पाहण्यात रस असतो. माझा मुद्दा एवढाच की जाणकारांनीही जिथे आकड्यावर फार भरवसा ठेवला नाही, तिथे टीव्हीवरच्या परीक्षकाने आकड्याच्या आड लपू नये. मोसम पुढे सरकतो तशी वापरातली पट्टी सात ते दहा एवढीच उरते. मग सगळा भार शब्दांवरच येतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: हे हौशी लोक आहेत, काही आठवड्यांच्या सरावावर नाचतात, त्यांना टाच आणि चवड्याचे नियम लावणे म्हणजे बालवाडीच्या मुलाला व्याकरण विचारणे. आक्षेप मायेपोटी आलेला आहे, पण बॉलरूमच्या शिक्षणाची माहिती असणाऱ्याला तो पटणार नाही. लंडनमध्ये १९०४ साली स्थापन झालेल्या ‘इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग’ने १९२४ मध्ये बॉलरूमची शाखा काढली आणि या नाचांची पावले, मात्रा, तंत्र यांना शिस्त आणली. तिच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा चढत्या परीक्षा हौशी लोकांसाठीच आहेत. दुकानदार, कारकून, निवृत्त शिक्षिका या परीक्षांना बसतात. ब्राँझला मागतात ते थोडेच: ठेका सांभाळा, तोल राखा, पाय योग्य भागावर टाका, पकड मोडू देऊ नका. म्हणजे नवशिक्याला लावायची मोजपट्टी कित्येक दशकांपासून तयार आहे आणि तीत पायाचा नियम पहिल्या पायरीवरच येतो. पाचव्या आठवड्यातल्या नामवंताला जगज्जेत्याच्या मापाने मोजू नये हे बरोबर. पण त्याला मोजूच नये हे कुठून आले? मापच लावले नाही तर त्याने पाचव्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत केलेली प्रगतीही दिसत नाही, आणि त्याची मेहनत वाया जाते ती तिथे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा करमणुकीचा कार्यक्रम आहे. लोक तंत्र पाहायला बसत नाहीत, माणूस पाहायला बसतात. २००८ मध्ये बीबीसीचे माजी मुख्य राजकीय प्रतिनिधी जॉन सार्जंट परीक्षकांच्या तक्त्यात सतत तळाशी असत. पासो डोब्लेमध्ये त्यांनी जोडीदारीण क्रिस्टिना रिहानॉफला फरशीवरून ओढत नेले ते दृश्य गाजले, आणि लोक त्यांना आठवड्यामागून आठवडा मते देत राहिले. शेवटी आपण जिंकण्याचा धोका निर्माण झाला आहे असे सांगून नोव्हेंबरमध्ये तेच बाहेर पडले. अमेरिकेतल्या ‘डान्सिंग विथ द स्टार्स’मध्ये २०१८ साली रेडिओ निवेदक बॉबी बोन्स अंतिम फेरीतल्या इतरांहून कमी गुण मिळवत आला आणि जिंकला. पुढच्या वर्षी तळाच्या दोन जोड्यांपैकी कोणाला ठेवायचे हा निर्णय परीक्षकांच्या हाती आला. या दोन्ही प्रसंगांत लोक चुकले असे मला म्हणायचे नाही. मत हे लोकांचे आहे. त्यांनी ते आवडीसाठी द्यावे, धीटपणासाठी द्यावे, हसवल्याबद्दल द्यावे. आवड व्यक्त करण्याची जागा कार्यक्रमात आधीच राखून ठेवली आहे आणि ती परीक्षकांच्या जागेइतकीच मोठी आहे. स्ट्रिक्टलीच्या अंतिम फेरीत तर परीक्षकांचे गुण केवळ मार्गदर्शनापुरते असतात, निकाल पूर्णपणे लोकांचा. म्हणूनच परीक्षकाने तीच आवड पुन्हा बोलून दाखवण्यात काय हशील? ‘तुमचा प्रवास पाहून डोळे भरून आले’ हे वाक्य लाखो घरांत आधीच उच्चारले गेलेले असते. परीक्षक त्याच सुरात सूर मिसळू लागला की नाचाची बाजू मांडायला कोणीच उरत नाही.

तिसरा प्रश्न पूर्वशिक्षणाचा. २०१८ मध्ये पॉप गायिका ॲश्ली रॉबर्ट्स मोसमभर वरचे गुण मिळवत होती. जिंकली माहितीपट करणारी स्टेसी डूली. २०२३ मध्ये संगीत नाटकांच्या रंगभूमीवर वाढलेला लेटन विल्यम्स अंतिम फेरीत हरला आणि एली लीच जिंकली. नाचणाऱ्यालाच नाचाच्या स्पर्धेत का घेता, ही तक्रार दरवर्षी होते आणि तिच्यात तथ्य आहे. पण गुण कापणे हा त्यावरचा उपाय नाही. रंगमंचावर नाचणारा सगळा नाच समोरच्या प्रेक्षकाला देतो, बॉलरूममध्ये तो आधी जोडीदाराला द्यावा लागतो. त्यामुळे अशा स्पर्धकाची चूक बहुधा पकडीतच सापडते: वरचे शरीर प्रेक्षकांकडे उघडते आणि जोडीदार एकटा पडतो. त्याला जे आयते मिळाले आणि जे नव्याने शिकावे लागले ते परीक्षकाने वेगळे करून सांगितले तर निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

नेमक्या समीक्षेने माणुसकी हरवते, ही भीती तर दोन विजेत्यांनीच खोटी ठरवली आहे. २०२१ मध्ये रोझ आयलिंग-एलिस ही कर्णबधिर अभिनेत्री जोव्हानी परनिचेच्या जोडीने जिंकली. एका नाचात मध्येच संगीत थांबले आणि दोघे त्या शांततेत नाचत राहिले. त्या क्षणाला पुढच्या वर्षी प्रेक्षकांच्या मतावर दिला जाणारा बाफ्टा पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये अंध विनोदवीर क्रिस मॅककॉसलंड डायन बसवेलच्या जोडीने जिंकला. या दोघांचे कौतुक दोन तऱ्हांनी करता येते. एक, ‘असे असूनही नाचले’. दुसरे, त्यांनी काय केले ते पाहून. बॉलरूममध्ये दिशा, गती आणि ठेका एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे हात, खांदा आणि बरगडीच्या संपर्कातून जातात. डोळे आणि कान नंतर येतात. संगीत थांबल्यावरही रोझचा ठेका सुटला नाही, कारण तो तिने जोडीदाराच्या शरीरातून घेतला होता. पकड सुटून पुन्हा जोडली जाते तेव्हा डोळस माणूस हात कुठे आहे ते पाहून घेतो. क्रिसला तो नेमक्या मात्रेला नेमक्या जागी मिळायला हवा होता. हे सांगितले की दयेची गरजच राहत नाही. ते किती अवघड काम होते हे आपोआप दिसते. उलट, शरीराच्या जाडीवर, वयावर किंवा चेहऱ्यावर मारलेला शेरा दहा सेकंदांत टाळ्या मिळवतो आणि नाचाबद्दल काहीच सांगत नाही. जो बोल घेऊन नामवंत सोमवारी सरावाला जाऊन काही बदलू शकतो, तोच बोल कामाचा.

आपल्याकडे ‘झलक’मध्ये बॉलरूम हळूहळू मागे पडले आणि हिंदी चित्रपटगीतांवरचा मोकळा नाच पुढे आला. त्यात वाईट काही नाही, पण पकड गेली, ठरलेली पावले गेली आणि परीक्षकांकडे बोलण्यासाठी विशेषणेच उरली. एकाच तऱ्हेचे ‘कमाल’, ‘जबरदस्त’ सगळ्यांच्या वाट्याला येऊ लागले. बीबीसीकडे निदान एक दुसरा रस्ता तयार आहे. २००४ पासूनच बीबीसी टूवर ‘इट टेक्स टू’ हा जोडकार्यक्रम चालतो. त्यात रामप्रकाशबरोबर जिंकलेली कॅरन हार्डी बरीच वर्षे आठवड्यातले नाच पुन्हा लावून, जागोजागी थांबवून, कोणाचे पाऊल कुठे पडले ते दाखवत असे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाची टाच रेषेच्या आत होती की बाहेर हे पाहायला आपण खेळ थांबवतो आणि त्याने कोणाची मजा कमी होत नाही. शनिवारच्या मुख्य कार्यक्रमात प्रत्येक नाचानंतर वीस सेकंद पायांचे संथ चित्र दाखवून परीक्षकाला त्यावर बोलायला लावावे. तेवढा वेळ आजही स्पर्धकाच्या घरच्यांच्या चेहऱ्यांवर खर्च होतोच.